पार्टीतलं एक कॅरॅक्टर सारखं डोक्यात जातंय? काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

इंदूरला आम्ही रामबागेतल्या एका घराच्या तळमजल्यावर शनिवारी डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, खेळतो (टेबलाभोवती बसून मिळून एक गोष्ट खेळायची, प्रत्येक प्लेयरचं एक कॅरॅक्टर, आणि त्या सगळ्या कॅरॅक्टरांची मिळून पार्टी), शिवाय भंवरकुआंच्या बाजूला कोचिंगला आलेल्या मुलांची एकदोन टेबलं, म्हणजे खेळणारे गट, मी लावून दिली आहेत, आणि नवीन डीएमचा (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि खेळ चालवणारा) मला येणारा मेसेज जवळजवळ नेहमी एकच असतो. "दादा, एक जण आहे, त्याचं कॅरॅक्टर सगळ्यांचा गेम खराब करतंय, काढून टाकू का त्याला?" काढू नका. निदान आज नको. हा बिघाड मी इतक्या टेबलांवर बघितलाय आणि दुरुस्त करून दिलाय की आता एकदाच नीट लिहून ठेवतो.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं कळेल. डोक्यात जाणारं कॅरॅक्टर म्हणजे वाईट प्लेयर असं फार कमी वेळा निघतं. बहुतेक वेळा त्या कॅरॅक्टरला बाकीच्यांबरोबर राहायचं कारणच कोणी दिलेलं नसतं, ना प्लेयरने ना डीएमने, आणि मग ते कॅरॅक्टर पार्टीच्या आत राहून पार्टीच्या विरुद्ध खेळायला लागतं. हे कारण सापडलं की निम्मं काम झालं. पण तिथे पोचायच्या आधी त्याहून सोप्या गोष्टी तपासायच्या असतात कारण कधीकधी सगळा घोळ फक्त भुकेचा असतो.

खाली जे नियम येतील ते फिफ्थ एडिशनचे आहेत, २०१४ चे, आणि २०२४ च्या सुधारित नियमांतही ते मुद्दे तसेच आहेत. दुसरा कुठला गेम खेळत असाल तर नियमांचा भाग सोडा, बाकीचं लागू पडतं.

लक्षणं

चोर: रोग (इंग्रजीतला rogue, चोरटा भामटा, आजार नव्हे) आहे, आणि तो पार्टीतल्याच लोकांचे खिसे मारतोय. लूट वाटायच्या आधीच दोन रत्नं गायब.

एकटा लांडगा: काळा क्लोक, सरायच्या कोपऱ्यातलं टेबल, कोणाशी बोलत नाही, पार्टी डावीकडे गेली की हा उजवीकडे. डीएमला एकाच वेळी दोन गेम चालवावे लागतात.

मर्डरहोबो, म्हणजे दिसेल त्याला मारत सुटणारा: दुकानदाराने भाव कमी केला नाही, मारला. पहारेकऱ्याने नाव विचारलं, मारला. तुम्ही आठवडाभर बसून लिहिलेला एनपीसी (डीएमच्या हातातलं पात्र) दुसऱ्या वाक्याला खलास.

छेडणारा बार्ड (गाणारा, बोलघेवडा भाट): समोर जो येईल त्याच्याशी लाइन मारणं, आणि प्रत्येक वेळी "रोल करू दे ना, रोल करू दे ना", म्हणजे फासा टाकू दे.

पोलीस पॅलाडिन (शपथ घेतलेला धर्मयोद्धा): बाकीच्यांनी काय करावं हे हाच ठरवतो. कैद्याला सोडायचं की नाही, कुलूप तोडायचं की नाही, सगळ्यावर भाषण.

यात आणखी भर घालता येईल, दर वळणावर नियमाचं पुस्तक काढणारा, किंवा फक्त नुकसानीचे आकडे वाढवत बसणारा आणि बोलायची वेळ आली की फोन बघणारा. पण ह्या दोघांचा त्रास वेगळ्या जातीचा आहे, त्यांचं मी इथे फार बोलणार नाही. वरचे पाच जे आहेत ते एकाच मुळातून येतात म्हणून एकत्र घेतले.

आणि एक लक्षण जे लोक बघतच नाहीत, ते म्हणजे बाकीचे प्लेयर. जो आधी भरपूर बोलायचा तो गप्प झालाय का? कोणी "या शनिवारी जमणार नाही" असं लागोपाठ म्हणतंय का? टेबलावर हसणं चालू आहे पण एकच माणूस हसत नाहीये का? कॅरॅक्टर कितीही विचित्र असो, टेबल खूश असेल तर तिथे बिघाड नाही, हात लावू नका. चोर रोग असलेली टेबलं मी बघितली आहेत जिथे सगळ्यांना ती चोरी आवडते आणि क्लेरिक (देवाच्या शक्तीने बरं करणारा पुजारी) मुद्दाम खिशात उंदीर ठेवतो. तिथे तुम्ही काय दुरुस्त करणार.

आधी एक वही

फुकटचं काम आहे. एक-दोन सेशन काहीही न बोलता फक्त लिहून ठेवा: काय केलं, किती वाजता केलं, आणि त्याच्या लगेच आधी टेबलावर काय चालू होतं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कारण आपल्याला त्रास आठवतो, त्याच्या आधीचं आठवत नाही. वही समोर आली की पॅटर्न आपोआप दिसतो आणि खालच्या तपासण्यांपैकी कुठली तुमच्यासाठी आहे ते बऱ्याचदा तिथेच कळतं.

तपासणी १: वेळ, भूक, वाट बघणं

वहीत बघा, उपद्रव नेहमी एकाच वेळी होतोय का. सहा प्लेयर असलेल्या टेबलावर एक लढाई चालू झाली की प्रत्येकाचा टर्न यायला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात, विझार्ड (जादूगार) स्पेल (मंत्र) शोधत बसला तर आणखी. ज्याचा टर्न झाला तो पुढचा पाव तास काय करणार? फोन बघेल किंवा उपद्रव करेल. तसंच एखादा प्लेयर राजाशी अर्धा तास बोलत बसला की बाकीचे चार जण शहरात सुटतात आणि त्यातलाच एक दुकान पेटवतो. हा माणूस मर्डरहोबो नाही हो, कंटाळलाय.

हे आधी का तपासायचं तर याला एक रुपया लागत नाही आणि कोणाला वाईटही वाटत नाही. करायचं काय: इनिशिएटिव्हचा क्रम, म्हणजे लढाईत कोणाचा टर्न कधी, सगळ्यांना दिसेल असा कागदावर लिहून टेबलाच्या मधे ठेवा आणि दर टर्नला "आता हिचा, तिच्यानंतर तुझा, तयार राहा" असं म्हणत जा. पार्टी फुटली की दर पाच-सात मिनिटांनी सीन बदला, अर्धवट असला तरी बदला. दोन तासांनी ब्रेक घ्या, खरा ब्रेक, उठून बाहेर जायचा. आमच्याकडे ज्यांचं घर आहे त्या काकू सातच्या सुमारास पोहे पाठवतात, वर शेव आणि कांदा, आणि मी शपथेवर सांगतो की पोह्यानंतरच्या तासात कोणी एनपीसीला मारत नाही. उलट रात्री अकरानंतर, सगळ्यांना सराफ्यात (रात्रीच्या खाऊगल्लीत) जायचे वेध लागलेले असताना, कुठलाही नाजूक सीन सुरू करू नका, तिथे वाद होणारच.

भाषा पण इथेच बघून घ्या. आपली टेबलं मराठी-हिंदी-इंग्रजी अशी मिळून चालतात. पण काही डीएम कॅरॅक्टरमध्ये बोलताना इंग्रजीच पाहिजे असं ठेवतात आणि मग ज्याला चटकन इंग्रजी सुचत नाही तो बोलायच्या ऐवजी तलवार काढतो, किंवा गूढ, अबोल लांडगा बनवून आणतो कारण अबोल असलं की बोलावं लागत नाही. नुसतं सांगून बघा की ज्याला जे जमेल त्यात बोला, एल्फ मराठी बोलला तरी चालेल. एक मुलगा महिनोन् महिने कोपऱ्यात बसलेला होता, त्याला मालवीत बोलायची सूट मिळाली आणि त्याचा ड्वार्फ त्या टेबलाचा सगळ्यात आवडता झाला.

तपासणी २: शीट वाचा

प्लेयरला न विचारता त्याचं कॅरॅक्टर शीट (कॅरॅक्टरचे आकडे आणि कौशल्यं लिहिलेला कागद) घरी घेऊन बसा आणि बघा की ते काय मागतंय. पहिल्या लेव्हलच्या रोगची डेक्स्टेरिटी (चपळाई) १६ असेल आणि स्लाइट ऑफ हँडमध्ये (हात चलाखी) एक्स्पर्टीज (खास प्रावीण्य) घेतली असेल तर त्याचा बोनस, म्हणजे फाशात मिळवायचा आकडा, ७ होतो. पहिल्याच लेव्हलला ७. या पोराने आपल्या कॅरॅक्टरची सगळी कमाई हात चलाखीवर लावली आहे. आता तुमच्या गेल्या चार सेशनमध्ये चोरण्यासारखं काय होतं ते आठवा. जंगल, गॉब्लिन, गुहा, गॉब्लिन? मग तो चोरी कुठे करणार, शेजारी बसलेल्या क्लेरिककडेच करणार.

शीट म्हणजे प्लेयरची तुमच्याकडे केलेली मागणी आहे. ती मागणी कथेत पुरी होत नसेल तर तो ती पार्टीवर पुरी करतो. पुढच्या सेशनला एक हक्काची चोरी द्या, सावकाराच्या कमरेची किल्ली, जकातवाल्याची वही, आणि ती वेळ फक्त त्याची ठेवा. तसंच बार्डला पटवायला एखादा खरा अवघड माणूस द्या, ज्याला पटवल्यावर पार्टीचं काम होतं. पॅलाडिनला असा निर्णय द्या जिथे त्याच्या शपथेची किंमत त्याला स्वतःला मोजावी लागते, दुसऱ्याला उपदेश करायला नाही.

शीटवर अलाइनमेंटच्या (कॅरॅक्टरचा नैतिक कल) रकान्यात केऑटिक न्यूट्रल दिसलं तर लगेच दचकू नका पण विचारा जरूर, की म्हणजे तुझ्या डोक्यात काय आहे. बरेच जण त्याचा अर्थ "मला वाटेल ते" असा घेतात. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा गेम काढला तेव्हा लॉ, न्यूट्रल आणि केऑस एवढे तीनच पक्ष होते, नऊ खणांचा चौकोन नंतर ॲडव्हान्स्ड डी अँड डीत आला. आजच्या नियमांत त्या दोन शब्दांवर जवळपास काहीच अवलंबून नाही. त्यामुळे "माझी अलाइनमेंटच अशी आहे" हे कारण नियमांतून येत नाही, ते ऐकीव आहे, आणि प्लेयरला हे शांतपणे दाखवलं तर तो बहुतेक वेळा ऐकतो.

तपासणी ३: चुकीचे नियम

ही तपासणी मला सगळ्यात आवडते कारण इथे कोणाचं मन न दुखवता मोठा बिघाड जातो. उपद्रवी कॅरॅक्टरं निम्मी तरी अशा नियमांवर जगतात जे पुस्तकात नाहीतच.

पहिला, नॅट ट्वेंटी, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर थेट वीस पडणं. वीस पडला म्हणजे काहीही होतं, राजा राज्य देतो, ड्रॅगन प्रेमात पडतो, असं नाही. वीस पडला की हमखास यश हे अटॅक रोलला आहे. डेथ सेव्हला (मरणाच्या दारात टाकायचा फासा) वीस पडला तर तुम्ही एका हिट पॉइंटवर शुद्धीत येता, ते वेगळं. पण पर्सुएजन (मन वळवणं) किंवा स्टेल्थसारख्या (लपून जाणं) चेकला असा काही नियम नाही, वीस अधिक बोनस होऊन जो आकडा येईल तोच. छेडणाऱ्या बार्डचा निम्मा जीव या एका गैरसमजात असतो.

दुसरा, रोल करायचा की नाही हे डीएम ठरवतो. प्लेयर सांगतो मी काय करतोय, मग डीएम बघतो की हे आपोआप होईल, होणारच नाही, की फासा लागेल. जो प्लेयर न विचारता फासा टाकून "तेवीस!" ओरडतो त्याचा तेवीस मोजायचाच नाही, हसून सांगायचं परत टाक, मी सांगितल्यावर.

तिसरा, पॅलाडिनचं. पहिल्यांदा १९७५ मध्ये पॅलाडिन आला तेव्हा तो लॉफुलच (कायदा-नियम पाळणारा) असावा लागायचा आणि तसा वागला नाही तर त्याच्या शक्ती जायच्या. हा नियम लोकांच्या मनातून अजून जात नाही. फिफ्थ एडिशनमध्ये पॅलाडिन शपथेला बांधलेला असतो आणि शपथा वेगवेगळ्या आहेत, एक सूडाचीसुद्धा आहे. आणि त्याचा डिव्हाइन सेन्स किंवा तो दुष्ट-सुष्ट ओळखायचा स्पेल माणसाची नियत सांगत नाही, फक्त फीन्ड (राक्षस), अनडेड (मेलेले पण चालते-फिरते), सेलेस्टियल (दैवी) असले प्राणी जवळपास आहेत का ते सांगतो. म्हणजे तुमचा पॅलाडिन दर दुकानदाराला तपासून "हा दुष्ट आहे" असं जे म्हणतो ते त्याला कळूच शकत नाही. एवढं वाचून दाखवलं की पोलीसगिरी बरीच खाली येते.

चौथा नियम पुस्तकात नाही पण माझ्या प्रत्येक टेबलावर आहे, आणि तो का आहे ते जरा सविस्तर सांगतो. कोचिंगच्या मुलांच्या टेबलावर एक रोग होता. पार्टी कॅम्प करून झोपली आणि रोगवाला म्हणाला, "मी क्लेरिकच्या बॅगेतलं पोशन काढतो," आणि म्हणता म्हणता फासा टाकून मोकळा. आकडा मोठाच होता. क्लेरिक खेळणारी मुलगी नवीन, फर्स्ट इयरची, एक शब्द बोलली नाही. तिने खोडरबर घेतला आणि शीटवरचं पोशन ऑफ हीलिंग (जखमा भरणारं औषध) खोडलं, इतकं हळू की कागद फाटू नये. पुढच्या लढाईत फायटर पडला, ती पोशन म्हणायला गेली आणि थांबली, आणि रोगवाल्याकडे सगळे बघायला लागले. त्याला स्वतःलाही तेव्हा कळलं. तर नियम असा: एका प्लेयरने दुसऱ्या प्लेयरच्या कॅरॅक्टरविरुद्ध काही केलं, चोरी, मार, फसवणूक, जादू, काहीही, तर फासा नाही, काय होतं ते ज्याच्याशी झालं तो प्लेयर ठरवतो. ती म्हणाली "मला जाग आली आणि मी त्याचा हात धरला", तर तेच झालं. ती म्हणाली "घे बाबा, सकाळी बघते तुला", तर तेही झालं. हा नियम लावल्यावर पार्टीतली चोरी जवळजवळ बंद होते, आणि जी उरते ती दोघांच्या राजीखुशीची, म्हणजे गंमत.

तपासणी ४: एकच प्रश्न

इथपर्यंत त्रास गेला नसेल तर आता मूळ. प्लेयरला एकट्याला विचारा, ग्रुपवर नाही, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही, कारण लिहिलेला प्रश्न आरोपासारखा वाचला जातो. चहाला बोलवा. आणि प्रश्न एवढाच, की तुझं कॅरॅक्टर ह्या चार लोकांबरोबर का आहे?

उत्तर बहुतेक वेळा नसतं. बॅकस्टोरी (कॅरॅक्टरची आधीची कहाणी) चार पानांची असते, त्यात गाव जळलेलं असतं, आईवडील गेलेले असतात, गुरूने दगा दिलेला असतो, आणि पार्टीतल्या एकाचाही उल्लेख नसतो. एकट्या लांडग्याशी झालेलं एक बोलणं जवळजवळ जसंच्या तसं देतो.

"पण दादा, तो कोणावर विश्वास ठेवत नाही. त्याचं अख्खं गाव जळलं ना."
"बरोबर. मग तो कसा वाचला?"
"पळाला."
"वय काय तेव्हा?"
"सात... आठ वर्षं."
"आठ वर्षांचं पोर जळत्या गावातून एकटं पळालं? कोणी ओढून काढलं असेल ना त्याला."
बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आपला फायटर तर पंचेचाळिशीचा आहे ना? सैन्यात होता तो आधी."

बस. मी पुढे काही बोललो नाही. त्याने फायटरवाल्याला स्वतःच फोन केला, दोघांनी मिळून तो सीन ठरवला, आणि पुढच्या सेशनला लांडगा तसाच काळा क्लोक घालून कोपऱ्यात बसला, फक्त आता फायटरच्या पाठीशी असलेल्या कोपऱ्यात. क्लोक काढायची गरजच नव्हती.

लोक इथे चूक करतात की एकट्या लांडग्याला सांगतात तू आता मिळून मिसळून वाग. म्हणजे त्याने जे कॅरॅक्टर प्रेमाने बनवलं तेच टाकून दे म्हणतात. त्याला तसं सांगू नका. होळकरांच्या फौजेत शिलेदार असायचा, घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं, तोरा स्वतःचा, पण स्वारी निघाली की तो स्वारीत असायचा. लांडग्याला शिलेदार करा. स्वभाव त्याचा राहू दे, स्वारी सगळ्यांची.

मर्डरहोबोला हाच प्रश्न थोडा फिरवून विचारायचा: या जगात तुझं कोण आहे? त्याच्या कॅरॅक्टरचं जगात कोणीच नसतं म्हणून त्याला सगळे लोक कार्डबोर्डचे वाटतात. एक बहीण द्या, एक दुकान द्या ज्याची उधारी बाकी आहे, एक म्हातारी द्या जी त्याला बाळ म्हणते. ज्या गावात त्या म्हातारीचं घर आहे त्या गावात तो आग लावत नाही, आणि कोणी दुसरा लावायला गेला तर हाच आडवा पडतो.

तपासणी ५: डीएम स्वतः

आता अवघड भाग कारण आरशात बघायचंय. ज्या गोष्टीचा तुम्हाला त्रास होतोय तिचं बक्षीस तुम्हीच देताय का? मारल्यावरच एक्सपी (लेव्हल वाढायला लागणारे अनुभवाचे गुण) देत असाल तर पोरं मारणारच. १९७४ च्या मूळ नियमांत लुटलेल्या सोन्यालाही एक्सपी मिळायचे आणि बराचसा एक्सपी तिथूनच यायचा, म्हणजे तेव्हा न लढता माल काढून आणणं शहाणपणाचं होतं. तुम्ही माइलस्टोनवर लेव्हल द्या, कथेतला टप्पा पार झाला की सगळ्यांची लेव्हल एकदम. दुकानदाराला मारून हातात काही पडत नाही हे कळलं की ती खाज कमी होते. चोराच्या चोरीवर तुम्ही सगळ्यात मोठ्याने हसत असाल तर तेही बक्षीसच आहे.

आणि दुसरी गोष्ट, कळकळीने सांगतो, टेबलावरचा राग कथेत काढू नका. मर्डरहोबोला धडा शिकवायला वीसव्या लेव्हलचे पहारेकरी आणणं, रोगचा हात छाटणं, पॅलाडिनची शक्ती काढून घेणं, हे जवळजवळ प्रत्येक नवीन डीएम करतो आणि त्याने बिघाड वाढतो. कारण प्लेयरला ते शिक्षा वाटतच नाही, त्याला वाटतं वा, माझ्यासाठी खास सीन आला. मग तुरुंग, मग तुरुंग फोडणं, मग खटला, दोन सेशन त्याच्याभोवती, आणि बाकीचे चार जण जे नीट खेळत होते ते बसून बघतायत. गुन्ह्याचे परिणाम कथेत असावेत, जरूर असावेत, पण माणसाशी जे बोलायचंय ते माणसाशीच बोला.

तपासणी ६: दुसरा डीएम

हे थोडं महाग आहे कारण एक अख्खा शनिवार जातो आणि दुसऱ्या डीएमची मेहनत. ओळखीच्या कोणाला तरी सांगा की एक वन-शॉट (एकाच बैठकीत संपणारी गोष्ट) चालव, तीच माणसं, नवीन कॅरॅक्टरं, आणि तुम्ही प्लेयर म्हणून बसा. दुसऱ्या डीएमला आधी काही सांगू नका. आता बघा: त्रास नवीन कॅरॅक्टरबरोबर गायब झाला तर दोष जुन्या कॅरॅक्टरच्या जडणघडणीत होता. बार्डचा रेंजर झाला, पण त्रास तोच राहिला तर ती प्लेयरची सवय आहे. आणि त्रास फक्त तुमच्याच टेबलावर होतो असं निघालं तर तपासणी ५ परत वाचा. तुम्ही प्लेयरच्या खुर्चीत बसलात की आणखी एक फायदा होतो, वाट बघणं म्हणजे काय असतं ते अंगावर कळतं.

तपासणी ७: कॅरॅक्टर बदलणं आणि अर्ध्या वाटेवरचं सेशन झिरो

कॅरॅक्टरच चुकलंय असं ठरलं तर बदलायची मोकळीक द्या, त्याच लेव्हलचं नवीन, कुठलाही दंड नाही. कित्येक प्लेयरना स्वतःलाच आपलं कॅरॅक्टर नकोसं झालेलं असतं पण सोडलं तर हरलो असं वाटतं म्हणून ओढत राहतात. त्याला छान निरोप द्या, त्या कॅरॅक्टरला कथेत मानाने जाऊ द्या.

आणि सगळ्यांना घेऊन एक तास बसा, फासे न काढता. सेशन झिरो, म्हणजे ही अशी ठरवाठरवीची बैठक, कॅम्पेनच्या (बरेच सेशन चालणारी गोष्ट) आधीच घ्यायला पाहिजे असं नाही, मधेही घेता येतं. तीन गोष्टी ठरवा: एकमेकांविरुद्ध काय चालेल, कुठल्या गोष्टी या टेबलावर येणारच नाहीत, आणि कोणाला थांबवावंसं वाटलं तर कसं थांबवायचं. शेवटच्यासाठी जॉन स्टाव्ह्रोपोलस यांनी काढलेलं एक्स-कार्ड फार सोपं आहे, टेबलाच्या मधे एक कार्ड ठेवायचं ज्यावर एक्स लिहिलंय, कोणीही त्याला हात लावला की तो सीन तिथून पुढे सरकवायचा, का ते विचारायचं नाही. आमच्याकडे नवीन मुलं आधी लाजतात, मग एकाने वापरलं की सगळ्यांची भीड जाते.

इथे थांबा

वरचं सगळं कॅरॅक्टरच्या बिघाडासाठी आहे. काही गोष्टी कॅरॅक्टरच्या नसतात, तिथे क्रम विसरा आणि सरळ थांबा.

बार्डचं छेडणं एनपीसीवरून घसरून टेबलावरच्या एखाद्या मुलीच्या कॅरॅक्टरकडे, म्हणजे खरं तर तिच्याकडे वळलं असेल, आणि तिने एकदा नको म्हटल्यावर परत झालं असेल, तर पहिली तपासणी नाही, सातवी नाही, तो त्या टेबलावर बसणार नाही. "कॅरॅक्टर बोलतंय, मी नाही" हे उत्तर ऐकून घेऊ नका. सेशनबाहेर मेसेज, पाठलाग, धमकी असं काही असेल तर तो डीएमच्या आवाक्यातला विषयच नाही, तिच्या मनात असेल तर तिच्याबरोबर पोलिसात जा. मध्य प्रदेशात महिला हेल्पलाइन १८१ आहे. मुलं अठराच्या खालची असतील तर त्यांच्या घरच्यांना सांगायलाच हवं, आणि चाइल्डलाइनचा नंबर १०९८.

दुसरं, कधीकधी कॅरॅक्टरच्या तोंडून प्लेयर स्वतःचं बोलत असतो. मरायला सारखा पुढे धावणारा लांडगा, हीलिंग नको म्हणणारा, "याला कोणी रडणार नाही" असं परत परत म्हणणारा. कोचिंगच्या गावात राहून हे मी हलकं घेऊच शकत नाही. इथे बॅकस्टोरी दुरुस्त करत बसू नका आणि गेममध्येच बरं करायचा प्रयत्न तर नकोच, आपण डीएम आहोत, समुपदेशक नाही. सेशननंतर बाजूला घ्या, नाव घेऊन विचारा "तू बरा आहेस ना, तू, कॅरॅक्टर नाही", आणि सरळ विचारा की जीव द्यायचे विचार येतात का. असं विचारल्याने ते विचार डोक्यात घातले जात नाहीत. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांपैकी किंवा रूममेटपैकी कोणाला तरी बोलवा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास. तिथून फोन लावून द्या, बसा शेजारी, हवं तर डॉक्टरकडे बरोबर जा.

आणि तिसरं साधं, सगळं करून झालं, बोलून झालं, कॅरॅक्टर बदलून झालं, आणि तरी त्याला दुसऱ्याचा खेळ मोडण्यातच मजा येतेय. तर त्याला निरोप द्या. एकट्यात भेटून, कमी शब्दांत: "आपल्या टेबलाचं आणि तुझं जमत नाहीये, पुढच्या शनिवारपासून येऊ नकोस." कारणांची यादी देऊ नका, यादी दिली की प्रत्येक मुद्द्यावर वाद होतो. मग बाकीच्यांना एकदाच सांगा की हा निर्णय मी घेतला, आणि त्याच्यामागे त्याच्याबद्दल बोलणं टेबलावर होऊ देऊ नका. त्याच्या कॅरॅक्टरला पुढच्या सेशनमध्ये गाडीखाली चिरडून वगैरे मारू नका, कोणीतरी हसेल पण टेबलावर बसलेल्या बाकीच्यांना कळतं की उद्या आपलंही असंच होऊ शकतं. रोग पहाटे दुसऱ्या कामाला निघून गेला एवढं एक वाक्य सांगा, त्याच्या हिश्शाची लूट पार्टीला द्या आणि पुढच्या दरवाजाचं वर्णन सुरू करा.